सगळ्या कंपन्या म्हणाल्या, ‘आमचा भाग चोख आहे’, तरी वेबसाईट पडली. वेब प्रोड्युसर नावाचा माणूस लागतो तो यासाठीच

१ ऑक्टोबर २०१३. अमेरिकेत त्या दिवशी एक सरकारी वेबसाईट सुरू झाली. नाव, हेल्थकेअर डॉट गव्ह. ओबामांच्या आरोग्य विमा कायद्याचा सगळा डोलारा या एका साईटवर उभा होता. ३० हून जास्त राज्यांतल्या लोकांनी इथं यायचं, खातं उघडायचं, विम्याच्या योजना बघायच्या आणि एक निवडून मोकळं व्हायचं, असा साधा हिशोब होता.

लाखो लोक आलेसुद्धा. पण पहिल्या दिवशी विमा घेण्यापर्यंत किती जण पोचले?

फक्त ६.

साठ नाही, सहाशे नाही, सहा. दुसऱ्या दिवसाच्या शेवटी हा आकडा कसाबसा २४८ वर गेला. साईट उघडायची नाही, उघडली तर खातं तयार व्हायचं नाही, खातं झालं तर पुढचं पान यायचं नाही.

बरं, पैसा कमी पडला होता का? तर नाही. माणसं कमी होती का? तर तेही नाही. या कामासाठी ३३ कंपन्यांना मिळून ६० कंत्राटं दिली होती.

मग गंडलं कुठं?

‘आमचा भाग नीट चालत होता’

२४ ऑक्टोबरला अमेरिकी संसदेच्या समितीनं मोठ्या कंत्राटदार कंपन्यांना समोर बसवलं. तिथं जे ऐकायला मिळालं ते कुठल्याही ऑफिसात काम केलेल्या माणसाला ओळखीचं वाटेल. थोडक्यात सूर असा होता, की आम्हाला जे सांगितलं ते आम्ही केलं, सगळं जोडून तपासायची जबाबदारी आमची नव्हती.

ती जबाबदारी होती सीएमएस या सरकारी खात्याची. हे खातं मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्य योजना चालवतं. सगळ्या कंपन्यांचे तुकडे एकत्र जोडायचं काम त्यांनी स्वतःकडं ठेवलं होतं. पण पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची सलग तपासणी सुरू झाली ती साईट सुरू व्हायच्या जेमतेम दोन आठवडे आधी.

त्यात ऐनवेळी एक बदल झाला. आधी ठरलं होतं की लोकांना खातं न उघडताही योजना आणि किमती बघता येतील. शेवटच्या टप्प्यात ती सोय बंद केली गेली. परिणाम असा झाला, की नुसतं डोकावायला आलेला माणूससुद्धा खातं उघडायच्या रांगेत उभा राहिला आणि सगळी गर्दी एकाच दारावर आदळली.

पुढं २०१६ मध्ये अमेरिकेच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी या सगळ्याचा सविस्तर अहवाल काढला. त्यात नेमकं बोट ठेवलं ते स्पष्ट नेतृत्व नसण्यावर. सगळ्या तुकड्यांना मालक होते, पण तुकडे जिथं एकमेकांना जोडले जातात त्या सांध्यांना मालक नव्हता.

वेबसाईट बनवणाऱ्या एजन्सीत या सांध्यांचा जो मालक असतो, त्याला म्हणतात वेब प्रोड्युसर.

हा माणूस नेमका करतो काय?

प्रोड्युसर हा शब्द सिनेमा आणि जाहिरातींच्या धंद्यातून आला. तिथं कॅमेरा चालवणारा वेगळा, अभिनय करणारा वेगळा, आणि हे सगळे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या पैशात, ठरलेल्या जागी एकत्र येतील हे बघणारा वेगळा. नव्वदच्या दशकात वेबसाईट बनवायच्या एजन्सी सुरू झाल्या तेव्हा त्यांनाही असाच माणूस लागला.

आपल्याकडं हे समजून घ्यायला लग्नघर बघावं. आचारी, मांडववाले, भटजी, बँडवाले, सगळे आपापल्या कामात तरबेज असतात. पण खांद्याला पिशवी अडकवून फिरणारा एक मामा असतो. हॉलची किल्ली कुणाकडं आहे, भटजींची गाडी कुठवर आली, पंगत मुहूर्ताच्या आधी बसवायची की नंतर, हे सगळं त्याला ठाऊक असतं. तो स्वयंपाक करत नाही आणि मंत्रही म्हणत नाही. पण तो नसला की अक्षता पडायच्या वेळी अक्षताच सापडत नाहीत.

वेब प्रोड्युसर म्हणजे वेबसाईटच्या कामातला हा मामा.

एजन्सीत आणखी दोन पदं असतात आणि त्यांच्यात गल्लत होते. अकाउंट मॅनेजर क्लायंटशी असलेलं नातं आणि धंदा सांभाळतो. प्रोजेक्ट मॅनेजर वेळ आणि पैशाचा हिशोब ठेवतो. प्रोड्युसर हा हिशोब तर ठेवतोच, पण बनणारी वस्तू कशी बनते आणि चांगली बनतेय का, हेही त्याला कळावं लागतं. त्याला कोड लिहिता आलं नाही तरी चालतं, पण डेव्हलपर ‘चार दिवस लागतील’ म्हणतो तेव्हा ते चार दिवस कशाला, हे समजलं पाहिजे. छोट्या एजन्सीत ही तिन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात असतात. काही ठिकाणी त्याला डिजिटल प्रोड्युसर म्हणतात, तर काही ठिकाणी डिलिव्हरी मॅनेजर.

येवल्याच्या पैठणीवरून समजून घ्या

समजा, येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानदाराला ऑनलाइन विक्री सुरू करायची आहे. त्यानं नाशिकच्या एका एजन्सीला काम दिलं. शेठची मागणी एका ओळीची, “मॅडम, एक झकास वेबसाईट पाहिजे, दसऱ्याच्या आधी.”

डिझायनर लगेच रंगांचा विचार करायला लागतो. डेव्हलपर कुठलं सॉफ्टवेअर वापरायचं ते ठरवायला लागतो. प्रोड्युसर मात्र एक साधा प्रश्न विचारते, “शेठ, हातमागाची पैठणी म्हणजे एकच नग. तो दुकानात विकला गेला, तर वेबसाईटवरून काढणार कोण? आणि किती वेळात?”

शेठ गप्प होतात. कारण याचा विचारच झालेला नसतो.

हा प्रश्न आत्ता विचारला तर उत्तर स्वस्तात मिळतं. दुकानातल्या बिलिंगला वेबसाईट जोडायची, किंवा ऑनलाइनचे नग वेगळ्या कपाटात ठेवायचे. हाच प्रश्न दसऱ्याच्या दिवशी निघाला तर एकच साडी दोघींना विकली गेलेली असते आणि दोघींनीही पैसे भरलेले असतात.

प्रोड्युसरचं पहिलं काम हेच. एका ओळीच्या मागणीतून लपलेले प्रश्न बाहेर काढायचे. साडी परत घेणार का? परदेशात पाठवणार का? फोटो कोण काढणार? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, शेवटचा शब्द कुणाचा? कारण तीन महिने शेठशी बोलून काम करायचं आणि शेवटच्या आठवड्यात त्यांचा पुतण्या येऊन म्हणणार, “हा रंग काही बरोबर वाटत नाही,” हे प्रत्येक एजन्सीनं कधी ना कधी भोगलेलं असतं.

जे करायचं नाही, तेही लिहायचं

मग तयार होतो कामाचा कागद, म्हणजे स्कोप. यात काय बनवायचं ते असतंच, पण चांगला प्रोड्युसर काय बनवायचं नाही तेही लिहितो. मोबाइल अ‍ॅप यात नाही. फोटोग्राफी यात नाही. डिझाइनमध्ये दुरुस्तीच्या दोन फेऱ्या मिळतील, तिसरीला वेगळे पैसे पडतील.

हे कंजूषपणाचं लक्षण नाही. एजन्सी विकते ती वेळ. समजा, या कामासाठी ३०० तास धरले. डिझाइनला ७०, डेव्हलपमेंटला १४०, मजकूर आणि फोटो चढवायला २०, तपासणीला ३० आणि प्रोड्युसरला ४०. आता डिझाइनच्या दुरुस्त्या दोनाऐवजी पाच वेळा झाल्या आणि ७० चे ११० तास झाले, तर ते ४० तास कुठून येणार? हमखास तपासणीच्या ३० तासांवर कुऱ्हाड पडते. म्हणजे रंगावरून झालेल्या वादाची किंमत पेमेंट अडकून चुकवावी लागते.

म्हणून प्रोड्युसर दर आठवड्याला दोन आकडे शेजारी ठेवून बघतो. किती तास खर्च झाले आणि किती काम झालं. ६० टक्के तास संपलेत आणि काम ४० टक्केच झालंय, हे दिसलं की घंटी वाजवायची वेळ तीच असते. शेवटच्या आठवड्यात वाजवून काही उपयोग नसतो.

तारीख दसऱ्यापासून मागं मोजायची

वेळापत्रक बनवतानाही एक गंमत असते. नवखा माणूस आजपासून पुढं मोजतो. प्रोड्युसर शेवटच्या तारखेपासून मागं येतो आणि जी कामं एजन्सीच्या हातातच नाहीत ती आधी शोधतो.

पेमेंट गेटवेचं उदाहरण घ्या. दुकानाची कागदपत्रं तपासून खातं मंजूर व्हायला काही दिवस जातात. त्यासाठी साईटवर अटी, पैसे परत करण्याचे नियम आणि संपर्काचा पत्ता ही पानं आधी असावी लागतात. म्हणजे सगळ्यात कंटाळवाणी पानं सगळ्यात आधी लिहावी लागतात.

दुसरी गोष्ट डोमेनची. दुकानाच्या नावाचं डोमेन पाच वर्षांपूर्वी कुणीतरी घेऊन ठेवलेलं असतं. त्याचा पासवर्ड ज्याच्याकडं आहे तो आता दुसऱ्या शहरात नोकरीला असतो आणि त्याचा नंबरही बदललेला असतो. हे पहिल्या आठवड्यात कळलं तर काम, शेवटच्या आठवड्यात कळलं तर संकट.

तिसरी गोष्ट मजकुराची. मराठी वेबसाईटला इथं खास अडचण येते. दुकानाची जुनी माहितीपत्रकं छपाईच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतात, युनिकोडमध्ये नाही. तो मजकूर वेबसाईटवर चिकटवला की भलतीच अक्षरं दिसतात. तो बदलून घ्यायचा आणि बदलल्यावर जोडाक्षरं, रफार, वेलांट्या पुन्हा वाचून बघायच्या, याला वेळ लागतो. आणि तो वेळ वेळापत्रकात कुणीच धरलेला नसतो, प्रोड्युसर सोडून.

‘फक्त एक बटण तर वाढवायचंय’

काम निम्म्यावर आलं की व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज येतो. “मॅडम, व्हिडिओ कॉलवर साडी दाखवायचं एक बटण टाका की. छोटंसंच आहे.”

बटण छोटंच असतं. पण ते दाबल्यावर कॉल कुणाला जाणार? दुकान बंद असताना काय दिसणार? एकाच वेळी चार जणींनी दाबलं तर?

इथं प्रोड्युसर ‘नाही’ म्हणत नाही आणि ‘हो’ सुद्धा म्हणत नाही. ती तीन ओळी लिहून पाठवते. या बटणाला इतके दिवस लागतील, इतके पैसे लागतील आणि दसऱ्याची तारीख हलवायची नसेल तर त्याबदल्यात अमुक गोष्ट दिवाळीनंतर जाईल. निर्णय शेठचा, पण तो डोळे उघडे ठेवून घेतलेला असतो.

आणि हे सगळं लेखी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अंगठा म्हणजे मंजुरी, की नुसतं ‘बघितलं’, यावरून एजन्सी आणि क्लायंटमध्ये मोठमोठी भांडणं झालेली आहेत. म्हणून फोनवर ठरलेली गोष्ट त्याच संध्याकाळी ईमेलवर जाते. आज हे ठरलं, हे अजून ठरायचंय, हे कुणी कधीपर्यंत करायचं.

हेल्थकेअर डॉट गव्हमध्ये योजना बघण्याची सोय बंद करणं हाही असाच एक ‘छोटा’ बदल होता. त्या बदलानं गर्दी कुठं जाईल, हा प्रश्न वेळेत सुटला नाही.

माणसं वाढवून का भागत नाही?

काम मागं पडलं की क्लायंटचा पहिला सल्ला असतो, ‘दोन माणसं वाढवा.’

याचं उत्तर १९७५ मध्येच देऊन ठेवलं आहे फ्रेड ब्रुक्स यांनी. ते आयबीएममध्ये मोठे सॉफ्टवेअर प्रकल्प सांभाळायचे. ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात त्यांनी मांडलं, की उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो. कारण नव्या माणसाला काम समजावण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि बोलण्याचे धागे वाढतात.

हे धागे मोजता येतात. ५ माणसं एकमेकांशी बोलायची तर १० जोड्या होतात. १० माणसं झाली की जोड्या होतात ४५. माणसं दुप्पट, गोंधळाच्या जागा साडेचारपट. त्या ४५ जोड्यांतलं कुठलं बोलणं कुणापर्यंत पोचायलाच हवं, हे एका माणसाला माहीत असावं लागतं.

लाइव्ह जाण्याची रात्र

साईट सुरू करायच्या आधी प्रोड्युसर स्वतः ग्राहक होतो. ऑफिसच्या मोठ्या स्क्रीनवर नाही, तर स्वस्तातल्या मोबाइलवर आणि कमी रेंजमध्ये. खरे पैसे भरून एक ऑर्डर टाकायची, ती दुकानात पोचते का बघायची, मग रद्द करून पैसे परत येतात का तेही बघायचं. याला म्हणतात सलग तपासणी. हेल्थकेअर डॉट गव्हमध्ये उशीर झाला तो नेमका इथं.

मग एक यादी असते. तपासणीच्या काळात ‘गूगलनं ही साईट दाखवू नये’ अशी खूण साईटवर लावलेली असते, ती काढली का? ती तशीच राहिली तर साईट सुरू होते, पण सर्चमध्ये सापडतच नाही. जुन्या साईटच्या लिंक नव्या पानांकडं वळवल्या का? सगळं बिघडलंच तर जुनी साईट परत आणायला किती वेळ लागेल? आणि एक अलिखित नियम, शुक्रवारी संध्याकाळी लाइव्ह जायचं नाही. शनिवारी साईट पडली तर फोन उचलायला कुणी नसतं.

अधिकार नसेल तर हा माणूस नुसता आठवण करून देणारा

आता परत अमेरिकेत जाऊ. कारण तिथं खरा धडा पडल्यावर मिळाला.

साईट कच्ची आहे याचे इशारे आधीच आले होते. २०१३ च्या सुरुवातीच्या महिन्यांतच एका सल्लागार कंपनीनं धोके दाखवून दिले होते. सुरू व्हायच्या काही दिवस आधीच्या चाचणीत काहीशे लोकांच्या भारालाच साईट बसल्याच्या बातम्याही नंतर आल्या. माहिती होती, पण ती घेऊन ‘थांबा’ म्हणू शकेल असा एक माणूस नव्हता.

मग सरकारनं जेफ झाइंट्स यांना दुरुस्तीच्या कामावर नेमलं. २५ ऑक्टोबरला त्यांनी जाहीर केलं की यापुढं सगळ्या कंत्राटदारांचं काम एकच कंपनी बघेल. सिलिकॉन व्हॅलीतून काही इंजिनियर आले, त्यात गूगलमध्ये काम केलेले मायकी डिकरसन होते. त्यांनी रोजच्या बैठकांचे नियम घालून दिले. बैठक प्रश्न सोडवायला आहे, दोष द्यायला नाही. बोलायचं त्यानं ज्याला त्या विषयातलं सगळ्यात जास्त कळतं, ज्याचं पद मोठं त्यानं नाही. आणि चर्चा करायची ती पुढच्या एक-दोन दिवसांत जे पेटणार आहे त्याचीच.

१ डिसेंबरला सरकारनं जाहीर केलं की ४०० हून जास्त दुरुस्त्या झाल्या आहेत आणि साईट एका वेळी ५० हजार लोकांचा भार पेलते आहे. एप्रिल २०१४ पर्यंत केंद्र आणि राज्यांच्या सगळ्या पोर्टलवर मिळून ८० लाखांहून जास्त लोकांनी विमा निवडला.

कंत्राटदार बहुतेक तेच होते आणि कोडही मुळात तेच होतं. मदतीला आलेल्या मूठभर इंजिनियरांनी हात लावलाच. पण मोठा फरक पडला तो सांध्यांना मालक मिळाल्यामुळं, आणि त्या मालकाच्या शब्दाला वजन मिळाल्यामुळं.

बहुतेक एजन्सींत प्रोड्युसरची खरी परीक्षा इथंच होते. यादी बनवणं, मीटिंग लावणं हे कुणीही शिकतं. पण ‘या वेगानं दसरा गाठता येणार नाही’ हे ऑगस्टमध्ये, मालकासमोर, आकडे ठेवून सांगणं अवघड असतं. आणि तेवढं सांगायचा अधिकार ज्याला नाही, तो प्रोड्युसर नसतो, तो ‘कुठवर आलं?’ विचारत फिरणारा माणूस असतो.

त्यामुळं तुम्ही दुकानाची, शाळेची किंवा संस्थेची वेबसाईट बनवून घेणार असाल, तर डिझाइनचे नमुने बघायच्या आधी एजन्सीला एक प्रश्न विचारून बघा. ‘आमच्या कामाचा कारभारी कोण, आणि काम चुकतंय असं वाटलं तर ते थांबवायचा अधिकार त्याला आहे का?’

उत्तरात एकच नाव आलं तर पुढं बोलायला हरकत नाही. ‘आमची सगळी टीमच बघते’ असं उत्तर आलं, तर ते ३३ कंपन्या आणि पहिल्या दिवशीचे ६ ग्राहक आठवा.